माझी शाल त्याच्या अंगावर

मी डफ बोलतोय. ताडकळसच्या नागेश मास्तरांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. जुनी वाद्यं तोंड उघडतात ती गेलेल्या दिवसांचं रडगाणं गायला, असं लोक म्हणतात. मी रडणार नाही. मला हेवा वाटतो, तेवढंच सरळ सांगणार आहे.

माझा जन्म जिंतूरचा. तिथल्या एका कारागिरानं लाकडाचं गोल कडं केलं, त्यावर बकरीचं ओलं कातडं ताणून बसवलं, सावलीत वाळवलं आणि मला भगवानरावांच्या हाती दिलं. भगवानराव म्हणजे नागेश मास्तरांचे वडील. ते शाहीर होते. दिवसभर मजुरी करायची आणि संध्याकाळी गावोगाव जलसा करायचा. चौदा एप्रिलच्या आसपास तर आम्ही दोघं पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचो. त्यांचा आवाज चढला की मी खाली राहायचो, ते दम घ्यायला थांबले की मी पुढं व्हायचो. आमच्यात कधी भांडण झालं नाही.

माझं एक दुखणं आहे. हवेत ओल आली की माझं कातडं ढिलं पडतं आणि आवाज बसतो. मग थोडा जाळ करून मला लांबून शेकावं लागतं. हे काम भगवानरावांच्या बायकोचं, सरजाबाईंचं. कार्यक्रमाआधी त्या स्टेजमागं कापसाच्या वाळल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवायच्या, मला जाळावर गोल फिरवायच्या आणि मधूनमधून टिचकी मारून बघायच्या. त्यांनी ‘झाला’ म्हटलं की मी झालेला असायचो. त्या काळी सरजाबाईंचे कान इतके तिखट होते की माझ्या आवाजातला केसाएवढा फरक त्यांना कळायचा. आता त्यांना शेजारी ताट पडलं तरी ऐकू येत नाही.

एकदा पूर्णेकडच्या एका गावानं भगवानरावांचा सत्कार करून त्यांना निळ्या काठांची शाल दिली. ती त्यांनी स्वतः पांघरली नाही. माझ्याभोवती गुंडाळली आणि म्हणाले, “मी नुसता बोललो, वाजला तर हा.” तेव्हापासून ती शाल माझी.

भगवानरावांनंतर मी नागेश मास्तरांकडं आलो. ते शाळेत मुलांना कविता शिकवताना मला वाजवायचे. आणि त्यांची लेक रेणुका पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. मी तिच्या छातीएवढा होतो. तिनं दोन्ही तळहात एकदम आपटले आणि स्वतःच दचकली. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, की ही माझी तिसरी धनीण.

पण ठरवून काय होतं? रेणुका परभणीला कॉलेजात गेली. तिथं तिला हरिओम नावाचा गिटार वाजवणारा मित्र भेटला, आणखी दोघं भेटले आणि चौघांनी मिळून ‘ढेकळं’ नावाचा रॉक बँड काढला. त्यात रेणुका ड्रम वाजवणार होती. एके दिवशी पाथरीच्या कुण्या बँडवाल्याकडून तिनं जुना स्नेअर आणला. बैठा, रुंद, चकचकीत पत्र्याचा ढोल. खालच्या बाजूला तारा ताणलेल्या, त्यामुळं काठी पडली की खडखडून कडाडतो. त्या तारांना बाजूला एक खटका, तो उतरवला की तारा सैल पडतात आणि कडाडणं बंद. आणि ताण द्यायला जाळ नको, खिशात मावणारी चावी पिळली की झालं.

मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याला वास नव्हता. कातड्याला वास असतो, कितीही जुनं झालं तरी. हा वरून खालून प्लास्टिक. पण घरात ज्याला त्याला त्याचंच कौतुक. मास्तर रोज फडक्यानं त्याचा पत्रा पुसायचे. रेणुकाची आई शुभदा एरवी आवाजानं वैतागायची, तीसुद्धा भाकरी थापता थापता त्याच्या तालावर हात टाकायला लागली. मी खिळ्यावरून सगळं बघत होतो. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

आणि मग जानेवारी आला. जिंतूर रोडला सोयाबीन निघून रिकाम्या पडलेल्या एका रानात दिवसभराचा रॉक महोत्सव ठरला. ‘ढेकळं’ला दुपारी बाराची वेळ मिळाली, वीस मिनिटं. रेणुकाचं हे पहिलंच स्टेज. घरदार निघालं. सरजाबाई तयार होऊन बसल्या तेव्हा शुभदा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, “आत्या, तुमाला तर ऐकू येत न्हाई, उन्हात कशाला?”

“मी बघायला येते की,” सरजाबाई म्हणाल्या. “आन् त्यो डफ घ्या. ह्या घरातलं माणूस कार्यक्रमाला डफाबिगर गावची येस ओलांडत न्हाई.”

मला खिळ्यावरून काढलं तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू! पण आनंद दारापर्यंतच टिकला. गाडीत रेणुकानं स्नेअर मांडीवर घेतला, आणि थंडी फार म्हणून त्याच्याभोवती शाल गुंडाळली. निळ्या काठांची. माझी. मला मागच्या सीटखाली धपाट्यांच्या डब्याशेजारी सरकवलं. परभणी येईपर्यंत मी मनात एकच म्हणत होतो, की हा फुटावा. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये म्हणतात. मी चिंतलं, अगदी मन लावून.

आम्ही आठलाच पोचलो. रान दवानं भिजलेलं होतं. एकीकडं तूर उभी, एकीकडं वेचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि मधोमध लोखंडी स्टेज. त्यावर आयोजकांचा मोठा ड्रमसेट मांडला होता, पण स्नेअर ज्याचा त्यानं आणायचा असा या लोकांचा रिवाज. काळे शर्ट घातलेली पोरं केस उडवत मान हलवत होती. शुभदानं विचारलं, “ह्यांच्या माना दुखत नसतील का ओ?”

सरजाबाईंनी सतरंजी अंथरली. स्नेअर शालीतून बाहेर काढून उघड्यावर ठेवला होता, त्यावर सकाळचं बारीक दव बसलं आणि वाळून डाग पडले. साडेअकराच्या सुमाराला रेणुका नाव सांगायला स्टेजमागं निघाली. जाताना म्हणाली, “पप्पा, ह्याला जरा पुसून ठेवा. मी आलेच.”

मास्तरांनी पुसला आणि सहज टिचकी मारली. आवाज आला ढब्. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा ढब्. तारांचा खटका उतरवून ठेवला होता, म्हणून तो तसा वाजत होता, बाकी त्याला काही झालं नव्हतं. पण आयुष्यभर डफ वाजवलेल्या माणसाला ढब् या आवाजाचा एकच अर्थ ठाऊक.

“आई,” ते सरजाबाईंच्या कानाशी ओरडले, “दवानं ढिला पडलाय. चावी तर ती घेऊन गेली.”

“मग शेक की जरासा,” सरजाबाई म्हणाल्या. “पऱ्हाट्या काय कमी हायेत व्हय?”

बांधावर छोटा जाळ झाला. आधी मास्तरांनी मला शेकलं, सवयीनं. कातडं ताठ झालं, अंग कसं मोकळं झालं. मग त्यांनी त्याला उचललं, पालथा केला आणि जाळावर धरला. मला दिसत होतं. हे कातडं नाही, हे त्या दोघांपेक्षा मला जास्त माहीत होतं. मला ओरडता येत नाही, हे खरं. पण आलं असतं तरी मी ओरडलो नसतो.

क्षणात त्याचं तोंड आकसलं, मधोमध सुरकुतलं आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. घाण वास सुटला. मास्तर तसेच उकिडवे बसून राहिले. मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, फार खूश झालो.

रेणुका पळत आली. तिनं भोकाकडं बघितलं, जाळाकडं बघितलं.

“पप्पा, हे प्लास्टिक हाय ओ.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मास्तरांनी तिच्याकडं बघितलंच नाही. “मला वाटलं, ढिला पडलाय,” एवढंच म्हणाले. सरजाबाईंना ऐकू आलं नाही, पण दिसत तर होतं. त्यांनी मला उचललं आणि नातीपुढं धरलं.

“ह्यो हाय की! ताजा शेकलेला हाय. वाजीव.”

याच क्षणाची मी तेरा-चौदा वर्षं वाट बघितली होती. रेणुकानं मला गुडघ्यांवर आडवा ठेवला आणि काठीनं दोन ठोके दिले, जपून. तिसऱ्यासाठी काठी वर गेली आणि तिथंच थांबली. तिनं तळहात माझ्यावर ठेवला.

“नको आजी,” ती म्हणाली. “माज्या काठीनं ह्यो फाटंल.”

आणि मला परत दिलं. माझी केवढी फजिती! तो जळून पडलेला, मैदान मोकळं, तरीही मी नको. ती मला जपत होती, हे मला घरी आल्यावर सुचलं. त्या वेळी फक्त नाकाला मिरच्या झोंबल्या.

बाराला दहा कमी होते. मास्तर उठले. या माणसानं उभ्या आयुष्यात शेजाऱ्याकडं चिमूटभर मीठ मागितलेलं मी पाहिलेलं नाही. ते स्टेजमागं गेले, आणि तिथं सामान आवरत बसलेल्या, राजेश्री नावाच्या दुसऱ्या बँडच्या मुलीपुढं हात जोडून उभे राहिले. “बाई, माज्या हातून लेकीचा ढोल जळला. वीस मिनिटांपुरता तुमचा देता का?” ती बिचारी गडबडून उभीच राहिली. “काका, हात कशाला जोडता? घ्या ना,” म्हणाली आणि स्वतः नेऊन स्टँडवर बसवून दिला.

‘ढेकळं’ सुरू झाली. मास्तर सतरंजीवर येऊन बसले आणि मला मांडीवर घेतलं. मी ठरवलं होतं, हूं का चूं करायचं नाही. पण मग रेणुकाचा पहिला ठोका पडला आणि माझं कातडं थरथरलं. कुणी हात लावला नव्हता. दुसरा ठोका, पुन्हा थरथर. मी आवरून धरायला गेलो, आवरेना. दूरच्या स्टेजवर ती मारत होती तो प्रत्येक ठोका माझ्यात येऊन उठत होता.

मास्तरांच्या तळहाताला ते कळलं. ते चपापले. मग त्यांनी सरजाबाईंचा हात धरून माझ्यावर ठेवला.

सरजाबाई आतापर्यंत नुसत्या बघत होत्या, नात हात हलवतेय एवढंच त्यांना समजत होतं. हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. डोळे मिटून त्या बोटं माझ्यावर पसरून बसल्या. गाण्याच्या मध्ये एका ठिकाणी रेणुका किंचित चुकली. सरजाबाईंनी लगेच डोळे उघडले.

“तिथं घसरली बगा,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, “आता आली जाग्यावर. लय चांगलं वाजवायलीय पोरगी. आज ह्यांनी ऐकाया पायजे व्हतं.”

मास्तरांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता, कारण त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

आता मी परत खिळ्यावर आहे. स्नेअरला नवं तोंड बसलं, तो खाली स्टुलावर ऐटीत बसतो. जळालेलं प्लास्टिक मास्तरांनी फेकू दिलं नाही, ते माझ्याशेजारी दुसऱ्या खिळ्याला लावलंय. संध्याकाळी रेणुका सरावाला बसली की सरजाबाई येतात, मला खाली उतरवतात, मांडीवर घेतात आणि हात ठेवून तिचं ऐकतात. चुकलं की तिथल्या तिथं टोकतात. त्यांना तळहातातून ऐकवणारा या घरात मीच एकटा, त्या चकचकीत गड्याला हे काम जमणार नाही. ठोके मात्र त्याचे असतात, आणि ते मला अजून टोचतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरी भिंतीवर असं काही टांगलेलं असेल, तर अधूनमधून खाली उतरवा. वाजवता येत नसेल तर नका वाजवू, नुसता हात ठेवा. आणि कधी ताडकळसला आलात, नागेश मास्तरांकडं चहा घेतलात, तर रेणुकाला माझा एक निरोप द्या. बाकी सगळं मी सोसलं म्हणावं. पण थंडी पुन्हा पडायला लागलीये, आणि निळ्या काठांची ती शाल अजून त्याच्याच अंगावर आहे.