दोन विभागांचा समेट

सर्व्हरवरचा ताण पुन्हा शंभर टक्क्यांवर जाऊन बसला, तशी ताईने कीबोर्ड पुढे ढकलला. "मर एकदाचा!"

हॉस्पिटलच्या संगणक विभागाची ती प्रमुख, पण सगळे ताईच म्हणत. म्हणजे कामं हक्काने लादता येतात. सकाळपासून डॉक्टरांना रिपोर्ट दिसत नव्हते. पासवर्ड टाकला की पानावर चक्र गरगरत बसायचं. सर्व्हर बंद करून चालू केला की घटकाभर शहाण्यासारखा वागायचा, मग पुन्हा तीच रड.

आणि वरच्या मजल्यावर तिचे बाबा ऑपरेशनसाठी उपाशीपोटी पडले होते. पित्ताशयात खडे. मागच्या कळेत बिचारे गुरासारखे ओरडले होते, तरी त्यांना तयार करताना घरच्यांच्या नाकी नऊ आले. "आज झालं तर झालं, नाहीतर मी घरी. पुन्हा विषय काढायचा नाही," असं त्यांनी बजावलं होतं, आणि ते तसंच करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्कॅन पाहिल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते, आणि स्कॅन उघडत नव्हता.

फोन वाजला. बाबाच. "झालं का गं? की चपला घालू?"

"पडून राहा हो बाबा!"

लगेच सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा माणूस. "मॅडम, मोठा प्रोसेसर घ्या."

"म्हणजे जास्त जोरात फिरेल! काय फिरतंय ते सांगा की!" तिने फोन आपटला आणि सर्व्हरच्या नोंदी उघडल्या.

कोणी पासवर्ड टाकला की सर्व्हर डिरेक्टरीला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या यादीला, विचारायचा, हा माणूस कुठल्या गटात? तो गट आणखी कुठल्या गटात? नोंदी धावत होत्या: शस्त्रक्रिया, भूल, शस्त्रक्रिया, भूल. फिरून तिथेच आलो, एवढंही त्या जुन्या धोंड्याला कळत नव्हतं.

"होयबा!" ती ओरडली.

होयबा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"अहो ताई, सर्जन साहेब आणि भूलवाल्या बाईंचं भांडण काल संचालकांनी मिटवलं ना," तो म्हणाला. "म्हणून मी बाईंचा गट साहेबांच्या गटात घातला. मग साहेबांना वाईट वाटलं. म्हणून त्यांचा गट बाईंच्या गटात घातला."

"म्हणजे दोघं एकमेकांच्या पोटात! आणि सर्व्हर शोधतोय, कोण कोणाच्या पोटात!"

"पण भांडण मिटलं."

"चुलीत घाल ते भांडण!"

तिने साहेबांचा गट बाईंच्या गटातून उचलून बाहेर काढला आणि सर्व्हर चालू केला. आकडा खाली आला आणि खालीच राहिला. स्कॅन फटकन उघडला.

तिने अजून श्वासही सोडला नव्हता, तोच टोपी घातलेले सर्जन दारात उभे. "मला बाईंच्या गटातून कोणी काढलं? त्या माझ्यात, आणि मी त्यांच्यात नाही? हा काय प्रकार आहे? आधी मला परत आत घ्या, मग बघू पुढचं."

ताईचं डोकंच फिरलं. "साहेब, वर माझा बाप उपाशी पडलाय. आधी त्यांचं पोट कापा, मग माझं डोकं खा!"

होयबाने मान खाली घातली.

"तुमचे वडील आहेत होय ते? आधी नाही का सांगायचं!" पुटपुटत ते जिन्याने वर गेले.

ती पोहोचली तेव्हा बाबांना ऑपरेशनला न्यायच्या गाडीवर घेतलं होतं. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"केलंस का गं चालू शेवटी?"

"हो बाबा. सगळं नीट झालं."

"मला वाटलं होतं, आज काही ते चालायचं नाही. बरं वाटत होतं गं तेवढंच."

सकाळपासून साऱ्या जगावर डाफरणाऱ्या ताईने आता गाडी ढकलणाऱ्याला नुसत्या हाताने थांबवलं, आणि बाबा आपण होऊन मनगट सोडेपर्यंत तशीच उभी राहिली.