व्हिसाची शेवटची तारीख

मी प्रेमानंद, निवृत्त हेडक्लार्क. छत्तीस वर्षांत लाल पेनची टिक पडल्याशिवाय माझ्या टेबलावरून एकही कागद पुढे सरकला नाही. आता माझी लेक दीक्षा जपानला शिकायला निघालेली, आणि तिचा पासपोर्ट मी तपासायचा नाही? बॅगा भरणं चालू असताना मी तो उचललाच. व्हिसाच्या स्टिकरचं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि माझं डोकंच फिरलं.

"शिक्षण दोन वर्षांचं अन् व्हिसा या बारा तारखेलेच संपून राहिला! फसवलं पोरीले!"

"काहून जी ओरडून राहिले?" माझी बायको हर्षा स्वयंपाकघरातून धावत आली.

दीक्षाने आधी माझा पेन हिसकावला. "बाबा, यावर खूण केली तर मले कोणी आत घेणार नाही! अन् नीट वाचा ना. ही तारीख आत शिरायची आहे, तोवर तिथं पोचायचं. राहायची मुदत या दुसऱ्या ओळीत आहे, दोन वर्षं तीन महिने. ती उतरल्यावर सुरू होते."

मायलेकी पोट धरून हसल्या. मी चांगलाच खजील झालो. उरलीसुरली अब्रू वाचवायला पेन परत मागून घेतला आणि तिकिटाची प्रत पुढे ओढली, तिच्यावर तरी टिक मारता येत होती. पहिली टिक नावावर मारली. दुसरी तारखेवर मारणार, तोच हात थांबला.

"दीक्षा, तू तिथं उतरते कधी?"

"सोळाले. कॉलेज पुढं ढकललं ना, म्हणून आपण तिकीटही पुढं..." बोलता बोलता तिचा चेहरा पांढरा पडला. आज नऊ तारीख होती.

मग जी धांदल उडाली! इतवारीतल्या तिकीटवाल्या रविंद्रला मी तीन फोन केले, तिन्ही वेळा ओरडूनच. अखेर तो म्हणाला, "काका, अकराले पोचवतो. पण उद्या दुपारीच निघा लागते."

दीक्षा माझ्या गळ्यातच पडली. "बाबा, वाचवलं तुम्ही मले!" माझी छाती अशी फुगली की काय सांगू! गच्चीवर जाऊन शेजारच्या बाबारावांना सगळी हकिकत ओरडून सांगितली, तेव्हा कुठे मी खाली आलो.

हर्षा बॅगेजवळ बसली होती, चटणीची बरणी हातात धरून.

"उद्याच जाते का जी? अजून पाच दिवस होती ना ती घरी?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. ते पाच दिवस मीच घालवले होते.