गाढवाची शेपटी

रामनाथने डब्यातल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून निरखलं. कोरडं ठणठणीत. म्हणजे झाड खूश.

गच्चीच्या पत्र्याखाली रंगाचे रिकामे डबे ओळीने टांगलेले, कामावरच्या गोडाउनमधल्या पॅकिंगच्या पट्ट्यांनी बांधलेले. प्रत्येकातून सेडमच्या गुबगुबीत पानांच्या वेण्या खाली लोंबत होत्या. या झाडाला गाढवाची शेपटी म्हणतात हे शंभर टक्के खरं; पण सांगणारा रामनाथ असल्यामुळे अख्ख्या वडपे गावात कुणाला पटलं नव्हतं. ज्याने हळदीच्या मांडवात सख्ख्या मेव्हण्याला मिठाचं सरबत पाजलं, त्याचं कोण ऐकणार?

घरातही तेच. सुरुवातीला त्याने सरळ सांगितलं होतं, यांना रोज पाणी नको, सडतात. भावनाला वाटलं, नवऱ्याचा नवीन काहीतरी डाव. तुळशीला घालून उरलेलं तांब्यातलं पाणी ती रोज या डब्यांत ओतत राहिली. दोन शेपट्या काळ्या पडून गळाल्या. तेव्हापासून रामनाथने अक्कल चालवली: बायकोला सगळं उलटं सांगायचं.

आज खाली त्याची बॅग भरून तयार होती. उद्या ठाण्यात हृदयाचं बायपास ऑपरेशन. घरी मात्र त्याने दोस्तांबरोबर आठ दिवस वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला जातोय म्हणून ठोकून दिलं होतं. भावनाचे वडील असल्याच ऑपरेशनला गेले ते परत आले नव्हते. तिला कळलं असतं तर तिने दारच अडवलं असतं. हॉस्पिटलच्या कागदावर सही करायला म्हणून त्याने चांगदेव नावाच्या दोस्ताला पटवून ठेवलं होतं.

वाळलेले कपडे काढायला भावना वर आली.

"ऐक गं," तो म्हणाला. "मी न्हाय तर यांना रोज दोन तांबे पाणी घाल. पान गळलं की झाडून फेक."

"बरं."

"नक्की ना?"

"तुमचं ऐकलं न्हाय, असं कधी झालंय का?"

रामनाथ मिशीत हसला. चला, झाडं वाचली. खाली पडलेलं एक पान त्याने उचललं आणि मातीवर अलगद आडवं ठेवलं. मूळ फुटायला तीन आठवडे. तो बोटांवर तारीख मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

"गरम पाण्यात जास्त वेळ बसू नका," भावना म्हणाली.

"अगं, मजा करायला चाललोय. मला काय धाड भरलीय?"

तिने चिमटे काढून कपडे खांद्यावर टाकले. मग कठड्यावरून वाकून शेजारच्या अंगणात मिरच्या निवडत बसलेल्या तुळजावहिनींना हाक मारली.

"वहिनी, चावी तुमच्याकडं ठेवते हां. शेपट्यांना पंधरा दिवसांनी पाणी घाला, तेपण माती सुकली असंल तरच. पान पडलं तर मातीवर ठेवा, टाकू नका."

"मी कशाला? रामनाथ चाललाय ना? तू हायेस की घरी!"

रामनाथच्या हातात डब्याची पट्टी होती. ती तशीच राहिली.

"सहीला मी हाय, चांगदेवभाऊजींना कळवलंय," भावना त्याच्याकडे न बघता हळूच म्हणाली.

"मीपण चाललेय ह्यांच्यासंगती," ती खाली ओरडून म्हणाली. "मजा करायला."