वारज्याच्या वानरांचा पूल

नीरजाबाईंच्या जिभेला हाड नाही, हे नारायण पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, जीभ काही निवृत्त झाली नाही. वारज्यात मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि सगळा घोळ तिथंच झाला.

वारज्याच्या टेकडीवर वानरांचा एक कळप होता आणि निवृत्तीनंतर नीरजाबाई त्याचा अभ्यास करत होत्या. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. रात्री टेकडीवर झोपायचं आणि उन्हं वर आली की झाडांवरून ओढ्याकाठच्या उंबरांवर जायचं, हा त्यांचा पिढीजात शिरस्ता. मध्ये रस्ता होता, पण अरुंद. दोन्हीकडची झाडं वर एकमेकांना भिडलेली असत. मग रस्ता रुंद झाला, झाडं गेली आणि वानरं जमिनीवरून धावत पलीकडे जाऊ लागली. गाड्यांखाली पिल्लं मेली. पुढं कळपाचा हुप्या एका दुचाकीवर आदळला आणि चालवणाऱ्याचा पाय मोडला, तेव्हा सोसायट्यांमधून तक्रारी गेल्या. वनाधिकारी दीनानाथ ठोसर भला माणूस, पण त्याचाही नाइलाज झाला. येत्या शनिवारपर्यंत वानरं रस्त्यावर उतरायची थांबली नाहीत, तर कळप पिंजऱ्यात घालून दूरच्या रानात सोडायचा, असं ठरलं.

"त्या रानात आधीच दुसऱ्या कळपांची सत्ता आहे," नीरजाबाई म्हणाल्या. "तिथं ही जगायची नाहीत, ठोसर. तुम्ही त्यांना मरायला पाठवताय."

खरं तर त्यांनी उपाय केला होता. रीतसर परवानगी काढून, आगीच्या बंबाचे निकामी पाइप विणून रस्त्यावर झुलता पूल टांगला होता. त्याचं एक टोक मारुतीच्या देवळाजवळच्या पिंपळाला आणि दुसरं ओढ्याकाठच्या उंबराला. पूल झकास झाला. वानरांनी मात्र त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

कारण देऊळ. येणारा प्रत्येक भक्त वानरांना केळी देई, शेंगदाणे देई, पोरं वेफर्स देत. शनिवारी तर जत्राच. वानरं खाली फरसबंदीवर बसून पोटभर खात आणि तिथूनच तडक रस्त्यात घुसत. आयतं मिळत असताना पिंपळावर चढायचं कशाला?

यावर नीरजाबाईंनी जे केलं, ते पुण्याच्या पेठेतलं माणूसच करू जाणे. त्यांनी पाटी लावली. "येथे वानरांना खाऊ घालू नये. मारुतीने द्रोणागिरी आणला होता, वेफर्सचे पाकीट नव्हे. दर्शनाला येताना अक्कल घरी ठेवून येऊ नये."

पेठेत अशी पाटी वाचून लोक हसतात आणि पुढं जातात. वारज्यात आग लागली. पाटी ओढ्यात गेली आणि देवळाची पूजाअर्चा पिढ्यान्‌पिढ्या पाहणाऱ्या घरातल्या आप्पासाहेबांनी मार्केट यार्डातून केळ्यांचा अख्खा टेम्पो मागवला.

आपण वानरांचाच घात केला, हे नीरजाबाईंना कळलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी स्वारगेटवरून बस धरून त्या थेट आप्पासाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. ओसरीवर त्यांच्या भावजय मथुराबाई तांदूळ निवडत होत्या. घरात शब्द चालायचा तो त्यांचाच.

"पाटी तुमीच लावली का?"

"मीच."

"अक्षर झ्याक हाय," मथुराबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "आमची अक्कल काढाया पार नारायण पेठंतनं आलासा?"

नीरजाबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"चुकलं माझं. आधी तुमच्याशी येऊन बोलायला हवं होतं."

मथुराबाईंनी सूप खाली ठेवलं. मग नीरजाबाई जोत्यावर टेकल्या आणि सांगत राहिल्या. वानराचं पोट गाईसारखं पाला आंबवणारं असतं, गोडधोडानं ते बिघडतं. खाली खाऊ मिळतो तोवर ती वर चढणार नाहीत. आणि उंबर खाऊन तीच वानरं टेकडीवर बी टाकतात, झाडं लावतात.

"म्हंजी पिल्लं आमीच मारली म्हना की," मथुराबाई म्हणाल्या.

"रस्त्यानं मारली. पण वाचवणं तुमच्या हातात आहे. मला जमलं नाही."

मथुराबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. देवाच्या दारातून वानर उपाशी धाडायचं, हे सासूच्या सासूनंही केलं नव्हतं.

"निवद देवाला, परसाद मानसाला," शेवटी त्या म्हणाल्या. "वानरांची झाडं त्यास्नी देवानंच दिल्यात. आप्पासाहेबास्नी मी सांगते. तुमी मातुर त्येंच्याशी काय बोलू नका!"

शनिवारी ठोसर पिंजऱ्यांची गाडी घेऊनच आला. देवळात ही गर्दी. मथुराबाई दारात उभ्या होत्या. प्रत्येकाच्या हातातली केळी त्या घेत, मारुतीपुढं ठेवत आणि प्रसाद म्हणून माणसांच्याच हातावर देत. "हितंच खायचं," असा दम वर.

वानरं फरसबंदीवर येऊन बसली. वाट पाहून कंटाळली. एक पिल्लू आप्पासाहेबांच्या धोतराचा सोगा ओढू लागलं. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मूठ उघडली नाही.

अखेर कळपातली थोरली मादी उठली. नीरजाबाई तिला आक्का म्हणत. ती रस्त्याकडं वळली. पण भुकेली आक्का थांबली, मागं फिरली आणि पाल्यासाठी सरसर पिंपळावर चढली. तिनं पुलावर एक हात टेकवला. हलवून पाहिला. मग निघाली.

 मथुराबाईंनी एका हातानं नातवाचं तोंड दाबलं होतं, दुसऱ्या हातात नीरजाबाईंचं मनगट होतं. आक्कामागून लेकुरवाळ्या माद्या गेल्या, पोटाला पिल्लं चिकटलेली. मग पोरवड्याची झुंबड. खालून बस गेली, ट्रक गेले. सगळ्यात शेवटी हुप्या डुलत डुलत गेला आणि उंबरावर झेप घेऊन त्यानं असा काही हुप्प केला की टेकडी दणाणली.

"बोला, पवनसुत हनुमान की..." आप्पासाहेबांनी आरोळी ठोकली, आणि "जय!" म्हणताना ठोसरही ओरडला. मग त्यानं ड्रायव्हरला खूण केली. पिंजरे रिकामे परत गेले.

"जितलो की वो बाई आपन!" मथुराबाई म्हणाल्या.

नारायण पेठेतल्या त्या जिभेला त्या दिवशी एक शब्द फुटला नाही. नीरजाबाई भर रस्त्यात मथुराबाईंच्या गळ्यात पडून ढसढसा रडल्या, आणि पलीकडं पिकल्या उंबरांवर सगळा कळप तुटून पडला होता.