मागच्या खोलीतला उजेड

किलुंग बंदरावर क्रेन चालवण्यात यू चिंग-त्यानची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर तो घरीच बिअर बनवायला शिकला. मुलीच्या, यी-चुनच्या, लग्नासाठी त्याने शहाण्णव बाटल्या भरल्या, त्याही पारदर्शक काचेच्या. "बाबा, टेबलावर रंग दिसला पाहिजे," असा तिचा हट्ट. उजेड लागला की बिअर नासते, म्हणून तो आधी कुरकुरला; पण मागची खोली विहिरीसारखी अंधारी. खिडकीपासून हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. तेव्हा तो हो म्हणाला.

मग पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि तो बारा दिवस दवाखान्यात अडकला. घरी परतला तर बायकोने, श्यू-ल्वानने, चपला काढायच्या आत हाताला धरून मागे नेलं.

"डोळे मिटा. आता उघडा!"

भिंत नव्हती. इमारत पाडणार अशी नोटीस सहा वर्षं लोंबत होती, कुणी मनावर घेतली नव्हती. नेमकी याच दिवसांत पाडली. खोलीभर ऊन सांडलं होतं. कपडे चार-चार दिवस न वाळणारं ते गाव. तिने गाद्या उन्हात टाकल्या होत्या, मुळ्याच्या फोडी पसरल्या होत्या. आणि खिडकीखालच्या फळीवर शहाण्णव बाटल्या, ओळीने, लखलखीत.

"खोक्यांना बुरशी धरली होती हो. एकेक बाटली पुसून ठेवलीय. कशा सोन्यासारख्या दिसतायत!"

"छान," तो म्हणाला.

ती बाजारात गेल्यावर त्याने एक फोडली. नाकाशी नेताच कळलं. जळकं रबर आणि वर मांजर मुतल्यासारखा वास. मागच्या ओळीतली फोडली, कोपऱ्यातली फोडली. तेच. त्याने लायला फोन लावला; हा नाद त्याला लायनेच लावला होता.

"उन्हात किती दिवस होत्या?"

"दहा तरी."

"अरे, दहा मिनिटंसुद्धा पुरतात!"

"काही उपाय? उघडून ठेवली तर? दुसरीत मिसळली तर?"

"नासलेल्या दुधात साखर घालून काय होणार? ओतून दे. नवी घाल."

"लग्न पंधरा दिवसांवर आलंय, लाय."

"मग दुकानातली मागव."

संध्याकाळी श्यू-ल्वान त्याच खिडकीत बटणं लावत बसली होती. एकतीस वर्षं त्या खोलीत तिने भर दुपारी दिवा लावून इस्त्री केली होती.

"चष्म्याशिवाय दोरा ओवला, बघा!"

ओठांवर आलेलं त्याने गिळलं. "बिअर बिघडली गं. यीस्टच खराब निघालं."

तिचे डोळे भरले. "इतकी मेहनत! आणि मी मेली रोज पुसत बसले होते." मग नाक पुसून म्हणाली, "पुढच्या वेळी इथेच बनवा. आता उजेड आहे भरपूर."

"बरं," तो म्हणाला.

ओझं उचलायला मनाई होती. दोन-दोन बाटल्या नेऊन त्याने तीन दिवस मोरीत ओतल्या. लग्नात दुकानातली बिअर आली आणि संपलीही. यी-चुनलाही त्याने यीस्टचंच सांगितलं. श्यू-ल्वान मात्र टेबलाटेबलाशी थांबून सांगत होती, "यांनी शहाण्णव बाटल्या केल्या होत्या हो, पण नशीब!" पाहुणे चुकचुकत त्याच्याकडे बघायचे, आणि तो ग्लास उंचावून हसल्यासारखं करायचा.