जाऊबाईंसाठी स्पीकर

कॅफेतला कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी माझ्या थोरल्या जाऊबाईंना अगदी कौतुकाने विचारलं, "तुम्ही यांच्या सोबतीला येऊन बसता, होय?" जाऊबाईंच्या मांडीवर मेंडोलिन होतं आणि त्या तासभर ते वाजवत होत्या. पण कॉफीच्या मशीनची फुसफुस आणि वरून माझा गाण्याचा आवाज, यांतून त्यांचा एक सूरही त्या बाईंपर्यंत पोचला नव्हता. जाऊबाई हसल्या, "हो" म्हणाल्या आणि मेंडोलिन पेटीत ठेवायला लागल्या. मला त्या बाईंचा राग आला, आणि "हो" म्हणणाऱ्या जाऊबाईंचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्यांनी सांगून टाकलं. "रविवारी वाचनालयात वाजवते, शब्द दिलाय म्हणून. पुढे तू दुसरं कुणीतरी बघ. हात धड असलेलं."

जाऊबाईंनी उभा जन्म शर्टांच्या कारखान्यात कॉलर आणि कफ शिवले. निवृत्त झाल्या तेव्हा बोटांचे सांधे सुजलेले होते. डॉक्टरांनी बजावलं, वाजवा, पण हलक्या हाताने. आता हलक्या हाताने वाजवलं तर लोकांना ऐकू येत नाही आणि जोरात वाजवलं तर घरी येऊन बोटं शेकत बसावं लागतं. यातलं त्या स्वतः काही सांगत नाहीत. दुखण्याचा विषय निघाला की मिठाची गुळणी धरतात. पण आमच्या दोघींच्या घरांत भिंत एकच. सकाळी आपल्याला कुणी ऐकत नाही असं समजून त्या जे वाजवतात, ते मी पलीकडे चहा गाळताना ऐकते. इतकं गोड वाजवणारी बाई रविवारनंतर श्रोत्यांत बसून टाळ्या वाजवणार, हे मला मुळीच मंजूर नव्हतं.

"आपण स्पीकर घेऊ," मी म्हणाले.

"तुला कशाला हवा स्पीकर? तू नुसती बोललीस तरी शेजारी दार उघडून बघतात."

खोटं नव्हतं ते. मी दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते आणि तिथे तिन्ही मजल्यांना माझा आवाज पुरतो. पण "तुमच्यासाठी घेऊ" म्हटलं असतं, तर त्या दुकानाची पायरीही चढल्या नसत्या. मी घसा बसतोय अशी थाप मारली आणि त्यांना मेंडोलिनसकट बाहेर काढलं.

निघताना आमच्या ह्यांनी खुर्चीतून न उठता सल्ला दिला: घ्यायचा तर मोठाच घ्या, पुन्हा पुन्हा घेणं नको. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? तो मोठा स्पीकर वाचनालयाच्या जिन्यावरून वर कोण नेणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुकानदाराचं मतही तेच निघालं. त्याने पहिल्यांदा छातीएवढा उंच, पुढे रंगीत दिवे असलेला स्पीकर लावला. शोकेसची काच थरथरायला लागली.

"दम बघा काकू," तो म्हणाला.

"बघितला. बंद कर," मी म्हणाले, आणि दोन्ही हात घालून तो उचलायला गेले. गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"नाकापेक्षा मोती जड," जाऊबाई माझ्यामागे पुटपुटल्या.

दुसरा दिसायला देखणा होता. खाली पेटी, वर बारीक खांब, दोन्ही हलके. पण खांब उभा करायला तीन स्क्रू पिळून घट्ट करावे लागत होते. जाऊबाईंनी एक स्क्रू धरून पाहिला आणि हात पदराखाली घेतला. मी लगेच म्हटलं, हा नको, मला रंग आवडला नाही.

तिसरा शिवणयंत्राच्या झाकणाएवढा होता. एका हाताने उचलता यायचा, बॅटरीवर चालायचा आणि मागे वायरी लावायला दोन जागा. दुकानदाराने एक माईक मला दिला, दुसरा मेंडोलिनसमोर उभा केला आणि आपण दुकानाच्या टोकाला जाऊन ऐकायला लागला. मी गायले, जाऊबाईंनी वाजवलं. तिकडून त्याने अंगठा वर केला.

पण मी त्यांच्या शेजारी होते. ओठ घट्ट मिटून, कोपरापासून जोर लावून त्या तारा छेडत होत्या. मी गाणं थांबवलं.

"सकाळी वाजवता तसं वाजवा," मी म्हणाले.

"सकाळी मी कुठे वाजवते?"

"ताई, भिंत एकच आहे आपली."

त्या लाजल्या. मग नखी सैल धरून सकाळसारखं हलक्या हाताने वाजवायला लागल्या, मी पुन्हा गायला लागले, आणि मेंडोलिन पार बुडालं. दुकानदाराने त्यांच्या माईकचा आवाज वाढवला. त्या माईकमध्ये मीच जास्त शिरत होते. त्याने अजून वाढवला, तशी स्पीकरने अशी कर्कश शिट्टी मारली की पलीकडे बाजाची पेटी बघणाऱ्या गृहस्थांनी कानांवर हात ठेवले.

जाऊबाईंनी मेंडोलिन पेटीत ठेवलं. "बघितलंस? मशीन तरी काय करणार? माझी बोटंच गेली आता."

त्या ते स्वतःच्या तोंडाने कबूल करतील असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मी काही हात हलवत परत जायला आले नव्हते.

"ही शिट्टी का वाजते?" मी दुकानदाराला विचारलं.

"तो माईक तुमचाही आवाज पकडतो आणि स्पीकरचाही. तोच परत फिरून स्पीकरमध्ये जातो."

"मग तो माईकच काढ. फक्त मेंडोलिन ऐकणारं काहीतरी दे."

त्याने खणातून शर्टाच्या बटणाएवढी एक चकती काढली. ती वाद्याच्या लाकडाला चिमट्याने लावायची. तिला लाकडाची थरथर तेवढी कळते, बाकी काही नाही. जाऊबाईंनी पेटी उघडली, पण केवळ माझा आग्रह मोडवेना म्हणून. चकती लावल्यावर शिट्टी गेली. मेंडोलिन येत होतं, पण त्याच स्पीकरमधून मी गायले की ते पुन्हा बुडायचं.

दुकानदार बटणं फिरवत म्हणाला, "काकू, गाणं वर आणि वाद्य खाली, असाच नियम असतो."

"कुणाचा नियम?" मी विचारलं, आणि माझ्या माईकची वायर स्पीकरमधून ओढून काढली.

"अहो, गाणाऱ्यालाच माईक नाही?"

"वाचनालयाचा हॉल आहे, मैदान नाही. मी तशीच गाईन. स्पीकर यांचा."

"अगं, वेड लागलंय का तुला?" जाऊबाई म्हणाल्या.

"वाजवा तुम्ही," मी म्हणाले आणि दुकानाच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

त्यांनी वाजवलं. बोटं तारांवर जेमतेम टेकत होती, खांदे सैल होते. सूर पेट्यांवरून, टांगलेल्या गिटारींखालून माझ्यापर्यंत आले आणि तसेच बाहेर फुटपाथवर गेले. रोज सकाळी ऐकते तेच होतं, फक्त मध्ये भिंत नव्हती. भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक मुलगी दाराशी थांबली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जाऊबाईंनी मुलीला थांबलेलं पाहिलं. वाजवणं न मोडता त्यांनी तारा क्षणभर झणकत ठेवल्या, हात लांब करून स्पीकरचं बटण स्वतःच थोडं फिरवलं आणि पुन्हा सुरुवातीपासून धरलं. मला राहवेना. मी दारातूनच, माझ्या नेहमीच्या आवाजात, गाणं उचललं.

दोन ओळी झाल्या आणि त्यांनी तारांवर तळहात ठेवला.

"जरा हळू गा," त्या म्हणाल्या. "माझं लोकांना ऐकू येत नाहीये."

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे एकदाही म्हटलं नव्हतं. दुकानदार, ते गृहस्थ आणि दारातली मुलगी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी आवाज खाली आणला. तो पुरेसा खाली येईपर्यंत जाऊबाई थांबल्या, आणि मग वाजवायला लागल्या.