झाकणाखालचा ओला कप

मित्रांनो, मी वाफेचे एक जुने यंत्र आहे. वाफ म्हणायची एवढेच. खरे तर मी पातळ औषधाचे गार धुके करते. नऊ वर्षांपूर्वी मी वाघोलीतल्या एका घरी आले, दोन वर्षांच्या ऋतुजासाठी.

ऋतुजाला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस हा आजार आहे. तिच्या श्वासनळ्यांतला कफ डिंकासारखा चिकट. त्यात जंतू अडकतात आणि शरीर त्यांच्यावर आपले सैनिक सोडते. ‘पुरे, आता मागे फिरा’ असे सैनिकांना सांगणारेही शरीरातच असतात. पण ऋतुजाच्या शरीरात तो आवाज फार क्षीण. लढाई थांबतच नाही आणि नळ्यांचे नाजूक अस्तर सुजून झिजत जाते.

म्हणून तो कफ सुटावा यासाठी सकाळ-संध्याकाळ मी घुरघुरायचे. “उठली माझी मांजर!” ती म्हणायची. केवढे लाड होते माझे!

गेल्या वर्षी समोर इमारतीचे काम निघाले. धूळ बसू नये म्हणून ऋतुजाच्या शालूआजी माझा औषधाचा कप धुतल्याबरोबर, ओलाच, स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावू लागल्या. मला दिसत होते, पण सांगणार कसे?

दिवाळीनंतर ऋतुजाला ताप आला, धाप लागली. दवाखान्यात राहावे लागले. तिची आई अस्मिता आणि आजी मला डब्यासकट तिथे घेऊन गेल्या.

“आजी, कप कसा ठेवता?” डॉक्टर सुरुचींनी विचारले.

“डब्यात. दोनदा घासते, मग झाकण. धूळ लई हाय ना आमच्याकडं.”

“पुसून, वाळवून?”

आजींनी डब्याचे झाकण उघडले; कप ओलाच होता.

“ओल जंतूंना फार आवडते, आजी. ताप त्यानेच आला असे नाही म्हणत मी. पण ही वाट बंद करू या.”

आजींचे डोळे भरले. ते पाहून ऋतुजा पलंगावरून म्हणाली, “आजी, वाघोलीत माणसांना पाण्यासाठी टँकर, आणि जंतूंना तू चोवीस तास पाणी दिलंस!”

“गप, टवळे!” आजी हसल्या. ऋतुजाही हसली, आणि लगेच खोकल्याने वाकली. तो खोकला बराच वेळ थांबला नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो. झिजलेले सगळे भरून येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. उरलेले मात्र जपता येईल. आता आजी कप उकळतात, पाणी झटकतात, आतल्या खोलीची खिडकी लावून स्वच्छ फडक्यावर ठेवतात आणि पूर्ण वाळेपर्यंत तिथेच बसून राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर आधी हात धुवा आणि त्याचा कप नीट कोरडा होऊ द्या. कुणाचे तरी पोटभर हसणे त्यावर अवलंबून असते.